अच्युतचे चार वर्षांचे पथ्य

कृष्णपुरा, इंदूर
१२ फेब्रुवारी १९५५

प्रिय अच्युत,

अनेक आशीर्वाद. ग्वाल्हेरहून आलेलं तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तर तीनदा लिहून फाडलं, म्हणून उशीर. मध्यभारताच्या सायकल संघासाठी तुझी निवड होतेय, हे वाचून तुझ्या आईने, आमच्या अक्काने, शेजारपाजारी पेढे वाटले. मला दोन दिले. मी ते खिशात ठेवले.

गेल्या महिन्यातली शर्यत डोळ्यांसमोरून जात नाही. देपालपूरहून निघालेले सायकलस्वार पुलाकडे वळले, तेव्हा शर्यतीचा डॉक्टर म्हणून मी बॅग घेऊन उभा होतो. चार वर्षं सायकल टांगून ठेवलेला तू तिसरा आलास. ओठांवर धूळ, पाय लटपटत होते. बसायचं सोडून तू सरळ माझ्याकडे आलास, सदऱ्याची बटणं काढलीस आणि म्हणालास, "मामा, नळी लावा ना. बघा, बरोबर चालतंय की नाही." मी लावली. एवढं अंतर कापून आलेलं तुझं हृदय धडधडत होतं, पण ठोका कुठे चुकत नव्हता. "तेव्हा तुमची चूक झाली असेल मामा, चलता है," असं म्हणून तू सगळ्यांदेखत वाकून पाया पडलास. मी तुला ग्लुकोजचं पाणी दिलं.

एकावन्न साली तू माझ्या दवाखान्यात आलास तो साध्या खोकल्यासाठी. हृदयाची झडप कमजोर आहे, सायकल बंद, जिनासुद्धा हळू चढायचा, असं मी तुला सांगितलं. तू एवढंच विचारलंस, "किती दिवस?" मी म्हणालो, "कायमचं." अठरा वर्षांचा मुलगा, तू रडलाही नाहीस. घरी जाऊन सायकल भिंतीला टांगलीस. मित्र सरावाला निघाले की ओट्यावर बसून त्यांच्या चाकांत हवा भरून द्यायचास. अक्का तुला पाण्याची बादली उचलू देत नसे. तू शिंकलास तरी तिचा चेहरा उतरायचा.

आणि अरुंधती, जिच्याशी तुझं लग्न ठरलं होतं. आजारी माणसाच्या गळ्यात मुलगी बांधू नका, असं तिच्या वडिलांना तू स्वतः जाऊन सांगितलंस. तिचं लग्न उज्जैनला झालं. मी त्या लग्नाला गेलो होतो, अच्युत. पंगतीत बसलो, जिलबी वाढून घेतली. त्या दिवशीही मला बोलता आलं असतं.

गेल्या वर्षी नोकरीच्या तपासणीत तिथल्या डॉक्टरने दोनदा ऐकलं आणि हसून 'फिट' लिहिलं, हे तू मला धावत येऊन सांगितलंस. जुनी नळी, म्हाताऱ्याचे कान, असं तूच माझ्या वतीने सगळ्यांना सांगत सुटलास, आणि मी ते सांगू दिलं.

आता तू लिहितोस की संघासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं आणि ते मामाच्याच सहीचं हवं, म्हणजे मामाच्या मनातली टोचणी जाईल. ते मी देणार नाही. ग्वाल्हेरच्या डॉक्टरकडून घे. माझी चूक झाली नव्हती. एकावन्नच्या त्या दिवशीही मला दोन्ही ठोके स्वच्छ ऐकू आले होते. तुझा थोरला भाऊ शरदचंद्र महूच्या रस्त्यावर सायकलवरून ट्रकखाली गेला, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. तू येण्याच्या आदल्या दिवशी अक्का दवाखान्यात येऊन सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिली आणि म्हणाली, "अप्पा, ह्याची सायकल सुटेल असं काहीतरी कर." खोटं बोल, असं ती म्हणाली नव्हती. ते माझं मला सुचलं. तिने ते खरं मानलं आणि दुसराही मुलगा जाणार या भीतीत चार वर्षं काढली. उद्या सकाळी मी तिच्याकडे जाऊन हे सांगणार आहे. पण त्याआधी तुला लिहिणं भाग होतं, म्हणून हे पत्र आजच्या टपालात टाकतो.

तुझाच,
अप्पामामा