पाचाची थप्पी

पूर्णा, भिवंडी
१२ जून २००९

प्रिय उन्नती,

तू सहावीत असताना मी ओट्याशी बिरडं सोलायचे आणि तू मला निबंध वाचून दाखवायचीस. मी एखादी ओळ खोडली की चिडायचीस, "आई, निबंध माझा आहे ना?" आज गोदामात बसल्या बसल्या ते आठवलं.

गेल्या दिवाळीत तू आपल्या गोदामासाठी कॉम्प्युटरवर जे पान करून दिलंस, ते मला मनातून पटलं नव्हतं. माल कसा उतरवायचा, कुठे ठेवायचा, हे ज्याला ठाऊक त्याने लिहायचं आणि दुसऱ्याने सुधारायचं! नियम मालकाने करावेत, हमालांनी पाळावेत, एवढंच मी शिकले होते. पण काळूराम मुकादम खूश झाला. "बाई, मला लिवता न्हाय येत, पन काय लिवायचं ते ठाव हाय." मग तो सांगायचा आणि लेबलं लावणारी राहीबाई एका बोटाने टाइप करायची. "मुकादम, दमानं सांगा, माझं बोट काय पॉवरलूम हाय?" असं म्हणायची. अठरा वर्षं आपल्या गोदामात काढलेल्या त्याला इतकं काही ठाऊक आहे हे मला त्या पानावरून कळलं. रंगाच्या डब्यांच्या खोक्यांची थप्पी पाचाचीच लावायची, उन्हाळ्यात पत्रा तापला की खालचं खोकं दबतं, हेही त्यानेच लिहून घेतलं होतं.

मे महिन्यात सहाची थप्पी कोसळली आणि राहीबाईचं पाऊल चिरडलं, हे तुला मी फोनवर सांगितलं. मुकादमाने जास्तीचं खोकं चढवलं, असंही सांगितलं. तू म्हणालीस, "मग त्याला ठेवू नकोस." मी ठेवलं नाही. चारचौघांत त्याला बोलले. तो एवढंच म्हणाला, "पानावर लिवलंय तशीच लावली, बाई," आणि कोन गावी आपल्या घरी निघून गेला. बाकीचे पुन्हा खोकी उचलायला लागले.

काल राहीबाईला भेटायला गेले. पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. मान खाली घालून ती म्हणाली, "आमी पानावर वाचलं होतं, बाई. मुकादमानंच सांगितलं, बाईंचं नाव घेऊ नका."

पानाचे जुने बदल तू उघडले नसशील. उघडलेस तर दिसेल: नऊ एप्रिल, पाचाचे सहा, आणि पुढे माझं नाव. माल वाढला होता, जागा पुरेना, म्हणून मी तो आकडा बदलला. काळूराम तेव्हा भाच्याच्या लग्नाला गेला होता. परत आल्यावर त्याला किंवा दुसऱ्या कोणालाही पुन्हा पाच करता आले असते. तू सगळ्यांना तशी मुभा दिली होतीस. माझं नाव पाहून कोणाचा हात उठला नाही. थप्पी पडली तेव्हाही मला हे ठाऊक होतं, उन्नती. तुला फोन केला तेव्हाही.

हे तोंडाने सांगायला गेले तर मी पुन्हा काहीतरी सावरून घेईन, म्हणून लिहिते आहे. या पत्राच्या प्रती काढ. पहिली काळूरामला पाठव, घरचं कोणी त्याला वाचून दाखवील. ती पोचली की मी स्वतः कोनला जाऊन त्याला परत बोलावीन, येणं न येणं त्याच्या मर्जीवर. दुसरी राहीबाईला, बरी झाली की ऑफिसातली माझी खुर्ची आणि कॉम्प्युटर तिचा. तिसरी त्या पानावर, थप्पीच्या नियमाखाली लाव, सगळ्यांना दिसेल अशी. आणि पानाचा मुख्य पासवर्ड काळूरामला दे, मला नको.

तुझीच चुकलेली,
आई