सत्त्याण्णव वाती

आत्याबाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, आणि तुम्ही असतात तरी हे पत्र तुम्हाला वाचता आलं नसतं. मीच आत्ता, या वयात, नातवाकडून अक्षरं शिकले. तो अमरावतीच्या शाळेत जातो. काल पाटीवर आकडे फोडत बसला होता. मला म्हणाला, "आजी, काही आकडे फुटतच नाईत. गुरुजी त्याले मूळ संख्या म्हणतात." मी म्हटलं, "हे मले नको शिकवू, बाबू. तुह्या पणजीनं शिकवलं."

त्या वर्षी साता समुद्रापलीकडे कुठंशी लढाई लागली आणि आपल्या काळ्या रानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्याकडे रेल्वे आली नव्हती. हे कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्यावरून पार घाटाखाली गेले. तुम्ही नवस बोललात, लेक जितके दिवस बाहेर राहील तितक्या वाती कौंडण्यपूरला, वर्धेच्या काठी लावीन. रोज सकाळी मी एक वात वळून पितळी डब्यात टाकायची. घरातलं बोंडन्‌बोंड विकायला काढलेलं, पण वातींच्या कापसाला तुम्ही सासऱ्यांनाही हात लावू दिला नाहीत.

हे परत आले. वाळून काटकी झालेले, पण जिवंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही सारवलेल्या जमिनीवर डबा रिकामा केलात आणि मोजलंत. सत्त्याण्णव. आपल्या घरची रीत अशी की प्रत्येक पणतीत सारख्या वाती हव्यात आणि एकही उरता कामा नये. एकटी वात तर लावायचीच नाही, ती मेलेल्याच्या उशाशी लावतात. आपण दोघी बसून दोन-दोनच्या जोड्या लावतो आहोत, आणि शेवटी एक उरते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून एक वळू का?" केवढ्यानं कडाडलात तुम्ही! "काऊन वं? माहा पोरगा एक दिवस जास्त रायला का बाहीर? देवाले फसवून रायली का?" मग तीन-तीन लावल्या, एक उरली. मी चारचे ढीग करायला घेतले तर तुम्ही हातावर चापट मारलीत. "दोनानं नाई झालं तं चारानं कसं होईन? चार म्हंजे दोन जोड्याच ना!" पाचाला दोन उरल्या. साताला सहा उरल्या. सहा, आठ, नऊ, दहा यांना तर तुम्ही हातच लावू दिला नाहीत, ते दोना-तिनानं कधीच बाद केले होते. मी अकराचे ढीग करू लागले. तुम्ही म्हणालात, "थांब. अकरा-अकराचे केले तं ढीग नवाच्या आतच होतीन. अन् नवापोतर आपून पायलंच. ढिगात वाती मोज नाईतर वातीचे ढीग मोज, गोष्ट एकच."

पाटीला कधी बोट न लावलेली बाई! हे तुम्हाला कुणी सांगितलं, आत्याबाई? मला आजही उलगडत नाही. आता नवस फिटायचा कसा, याची मला धास्ती पडली होती. तुम्ही मात्र हसलात. "हा आकडा वाटून घेत नाई म्हंते. नको वाटू त्याले. परात काढ."

वर्धेकाठी साऱ्या सत्त्याण्णव वाती जवसाच्या तेलात एकाच परातीत पेटल्या. जाळ कमरेइतका उठला, लोक मागं सरले. असा उजेड मी पुन्हा पाहिला नाही. तुम्ही हात जोडलेत ते देवाला की त्या आकड्याला, विचारायचा धीर झाला नाही.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? धाडायचं नाही म्हणूनच लिहिते. त्या वर्षी हे गाड्या घेऊन गेल्यावर दुसऱ्या महिन्यात नांदगावच्या बाजारातून बातमी आली होती की घाटात पटकी आली आणि आपल्या गाड्यांवरचा एकही माणूस वाचला नाही. "बाजारच्या गप्पा," म्हणून तुम्ही शेतात निघून गेलात. मी मात्र खरं मानलं. भर दुपारी गोठ्यामागं जाऊन डब्यातली एक वात मी लावली. एकटीच. यांनाही कधी सांगितलं नाही. दिवस अठ्ठ्याण्णव होते, आत्याबाई.