तमीमने मोजलेला उजेड

रोहा,
२२ नोव्हेंबर १९९९

प्रिय अस्लम,

मस्कतहून आलेलं तुझं पत्र पोचलं. काल पेणला तुमच्या घरी जाऊन आलो. तुझ्या अम्मीचे, हाजराचाचींचे, गुडघे धरलेत, बाकी बऱ्या आहेत. तमीमला दवाखान्यातून सोडून महिना झाला. डावा डोळा गेला तो गेलाच. प्रयोगशाळेत काचपात्र फुटलं, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं.

आमचं काम आधी सांगतो. विजेने उजळणारे पातळ थर आम्ही बनवतो. थरात जवळजवळ सगळा यजमान पदार्थ, त्यात चिमूटभर पाहुणा. यजमान वीज घेतो, ऊर्जा पाहुण्याला देतो, तो उजळतो. यजमानाचीच ऊर्जा कमी पडली तर उजेड आतल्या आत विझतो. मी रचलेल्या यजमानाचं तेच होत होतं. विजेतला आठ टक्के उजेड होतो, असं मी अहवालात लिहिलं. ते बघायला जपानहून माणसं येणार होती.

तमीमला कामाला मीच लावलेलं. त्याने मुंबईला जाऊन सात वेळा मोजलं. आला नि म्हणाला, "दादा, दोन टक्के पण येत नाय. रेणूतल्या कड्या सपाट जोडल्यात, म्हणून ऊर्जा घसरते. मधे पीळ दिला तर चढेल. पण तुमचा आकडा खोटा हाय. मी साहेबांना सांगणार."

मी दार लावलं. काचपात्रं अडकवायच्या स्टँडचा लोखंडी दांडा उपसला. पहिला फटका खांद्यावर. तो ओरडला, "दादा, मी हाय, तमीम!" दुसऱ्याने मनगट मोडलं, आवाज ऐकला मी. मोजमापांची वही पोटाशी धरून तो खाली बसला. तिसरा मी पूर्ण शुद्धीत मारला, तोंडावर. मग पात्र आपटून फोडलं, काचा त्याच्याभोवती टाकल्या आणि स्फोट झाला म्हणून बोंबललो. जीपमध्ये त्याचं डोकं माझ्याच मांडीवर होतं.

पोलिसांना तो "आठवत नाय" म्हणाला. माझ्याकडे बघत.

काल चाचींनी माझे हात धरले. "तू व्हतास म्हणून माझा पोर वाचला रे."

"चाची, मीच मारलं त्याला."

हात सुटले नाहीत. नखं रुतेपर्यंत आवळले त्यांनी, मग तोंडावर थुंकल्या. तमीम आतून म्हणाला, "अम्मी, सोड त्याला. पोलीस ठाण्यात जायचाय त्याला."

त्याच्या वहीतला पिळाचा रेणू मुंबईत बनवून मोजला. साडेसात टक्के, खरे. नव्या अहवालावर एकट्या तमीमचं नाव आहे.

उद्या सकाळी ठाण्यात हजर होतोय. वकिलाच्या नादाने कोर्टात कबुलीवरून फिरलो, तर हे पत्र पुढे कर. अक्षर माझंच आहे.

तुझ्या भावाचा डोळा फोडणारा,
कमळाकर