गिळली न्हाई गं

आबा, तुमच्याशी एक भांडण मिटवायचं राहिलंय. भांडण मीच काढलं होतं, आणि आता हरलेयही मीच.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या रेस्ट हाऊसवर तुम्ही खानसामा, मी मॅट्रिकला. इंजिनांच्या कामासाठी एक फ्रेंच साहेब येऊन राहिला होता. त्यानं घरच्या मळ्यातली म्हणून आणलेली तांबड्या वाइनची बाटली तुम्ही मोठ्या प्रेमानं बर्फाच्या पेटीत घालून ठेवलीत. त्यानं कपाळावर हात मारला, बाटली टेबलावर उभी केली, बूच काढलं आणि म्हणाला, तासभर हिला वारा लागू दे. हे सगळं तुम्हीच नंतर सांगितलंत. मी पाहिलं ते एवढंच: दुपारी तुमचा धुतलेला युनिफॉर्म घेऊन मी मागच्या दारानं येते, आणि जाळीतून दिसतं, कॉलनीच्या विहारात दर पौर्णिमेला पुढं बसून पंचशील देणारे, दारूला शिवणार नाही असं सगळ्यांकडून वदवून घेणारे माझे आबा पेला तोंडाला लावतायत. युनिफॉर्म पायरीवर टाकला आणि पळत सुटले. घरी पोचेपर्यंत निम्म्या कॉलनीला कळलं होतं. माझं तोंड म्हणजे काय, भोंगाच!

संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा आईनं चूल पेटवलेली नव्हती.

"गिळली न्हाई गं," तुम्ही म्हणालात. "सायबच म्हनला, नुस्ती तोंडात घोळव आन् थुकून टाक. तशीच पारखत्यात म्हनं. आदी वास घेतला. जांभळाचा, आन् जुन्या पेटीच्या लाकडाचा. जिभंवर तुरट, चहाच्या चोथ्यावानी."

मी फिदीफिदी हसले. "तोंडात घेतलेली दारू कुणी थुकतं व्हय, आबा?"

तरी तुम्ही सांगतच राहिलात. तो मळा साहेबाच्या पणजीचा. कसलीशी बारीक कीड आली, तिनं वेलींची मुळंच खाल्ली, गावंच्या गावं उजाड झाली. मग त्या बाईनं अमेरिकेतून वेली मागवल्या, त्यांची मुळं त्या किडीला पुरून उरत होती, आणि त्यांच्यावर आपल्या द्राक्षाची कलमं बांधली. "मूळ परक्याचं, पर द्राक्ष त्येंचंच ऱ्हायलं बघ," म्हणताना तुमचे डोळे चमकत होते.

"कीड हितं लागलीया," आई म्हणाली, "आपल्या घराला."

पुढच्या पौर्णिमेला लोक तुमच्याकडं बघत राहिले आणि तुम्ही मुकाट्यानं मागच्या ओळीत जाऊन बसलात. मग मरेपर्यंत तिथंच.

गेल्या महिन्यात तुमची नात मला पुण्यात एका हॉटेलात घेऊन गेली. तिच्या ऑफिसचा फ्रेंच वाइन चाखायचा कार्यक्रम होता. "तू नुसती बस गं," म्हणाली. पडद्यावर मळ्यातलं दगडी घर, आणि माहिती देणारी पोरगी सांगतेय, कीड, अमेरिकेची मुळं, कलमं. तुमच्या साहेबाचाच मळा असेल असं नाही. ती कीड म्हणे तिकडं बहुतेकांना लागली होती. मग तिनं प्रत्येकापुढं एक भांडं ठेवलं. "तोंडात घोळवा आणि यात थुका." आणि आबा, सुटाबुटातली माणसं एकामागून एक खरंच थुकायला लागली! कुणी म्हणून हसलं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही अक्षर न् अक्षर खरं सांगत होतात, आणि मी दात काढत होते. आता आई नाही, विहारातलं तेव्हाचं कुणी उरलं नाही. तुमचा शब्द खरा होता हे सांगू तरी कुणाला? म्हणून हा कागद तुमच्या जुन्या युनिफॉर्मच्या घडीत ठेवून देणार आहे.

एक मात्र कबूल करते. तुमचं म्हणणं पडताळायला मीही पेला उचलला. जांभूळ होतं, पेटीचं लाकूड होतं. घोट तोंडात घोळवला, भांडं जवळ ओढलं, आणि तेवढ्यात तुमचं ते "गिळली न्हाई गं" कानात आलं. थुकता आली नाही, आबा. मी गिळली.