चिंचेने घासलेली त्सुबा

बाबा, हे फक्त तुमच्यासाठी, कारण आपल्या दोघांचं हे गाऱ्हाणं आपण आईला कधी कळू दिलं नाही. कॉव्हेंट्रीच्या रविवारच्या बाजारातून तुम्ही जपानी तलवारीची त्सुबा आणली होती, मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसणारी लोखंडी चकती. काळ्याभोर लोखंडात पितळी तारेची वेल. कारखान्याच्या टूलरूममध्ये हत्यारं घडवण्यात आयुष्य काढलेले तुम्ही, मला ती खिडकीशी धरून दाखवलीत: खाच आत रुंद, तोंडाशी अरुंद, तार ठोकली की अडकून बसते. "हा काळा रंग म्हणजे मुरलेला गंज. तेच तिचं वय. कापडाने पुसायचं, बाकी काही लावायचं नाही."

आईला ती पहिल्यापासून खटकली. "अहो, रोज पंचशील म्हणता आणि घरात तलवारीचं सामान आणता?"

"अगं, पातं कुठंय? ही हात वाचवणारी वस्तू आहे."

"मग ओव्हनचे ग्लव्ह्ज काय वाईट होते?"

पण जयंतीला विहारातली मंडळी घरी यायची होती, म्हणून तिने पितळी भांड्यांबरोबर तीही चिंच-मिठाने घासली. तुम्ही शिफ्टवरून आलात. वेल लखलखीत, लोखंड फिकट, डागाळलेलं. तुम्ही ती खिडकीशी नेऊन उलटसुलट करून पाहिलीत. मग म्हणालात, "छान चमकतेय." मी तावातावाने तोंड उघडलं, तर बाहेर नेऊन दटावलंत, "किचनमध्ये सभा नको." त्यानंतर रोज टीव्हीसमोर बसून तुम्ही ती कापडाने चोळायचात. तुम्ही गेल्यापासून मी चोळते. इतक्या वर्षांनी लोखंड आता कुठे काळं धरू लागलंय.

उद्या तुमचा स्मृतिदिन. तुमचा फोटो पुसताना शेजारची त्सुबा उचलून आई म्हणाली, "किती काळी पडलीय गं ही. उद्या घासते. ह्यांनी माझ्या कामाला छान म्हटलं ते त्या एकदाच."

खरं बोला, मग ते कुणालाही लागो, असं मी वेम्बलीच्या हॉलमधल्या आपल्या लोकांच्या सभांत टेबलावर मूठ आपटून सांगते. अजूनही तेच मानते. पण तिच्यापुढे गप्प बसले. ते खरं आता माझ्या एकटीपाशी आहे, आणि भरल्या सभेतही ते सांगता येईल असं कुणी दिसत नाही.

बाबा, उद्या लोखंडाकडे पाहू नका, आईकडे पाहा. हा कागद मी कुठे पाठवणार नाहीच, म्हणून सांगते: चिंच मीच भिजत घातली आहे.