तुझ्या नावाचं येसर

आई,

आजपासून आपल्या येसराच्या पाकिटावर तुझं नाव असणार नाही. नोटीस आली आहे. पाठवणारा परका नाही, तुझ्या मानलेल्या भावाचा मुलगा आहे. तुझं नाव आता त्यांच्या कंपनीच्या मालकीचं, आणि ते छापलं तर तुझी पोटची मुलगी चोर. घे!

संगमनेरच्या आसपास कुणाकडेही लग्न निघालं की आमटीचं येसर भाजायला तुलाच बोलावणं यायचं. गहू, हरभऱ्याची डाळ, धने कढईत पडले की जमलेल्या बायकांना तू सगळं प्रमाण मोठ्यानं सांगत सुटायचीस. मी चिमटा काढला तर माझ्यावरच डाफरायचीस, "लगीनघर हाय हे. हितं लपवाछपवी करू न्हाई." त्याचा मला राग नाही. वकीलही म्हणाले, चव कोंडून ठेवता येत नाही, जपायचं असतं ते नाव. आणि नेमकं तेच तू भाऊबीजेला देऊन बसलीस.

ती भाऊबीज मला अजून दिसते. मामा पाटावर बसलेत, तुझ्या हातात ओवाळणीचं ताट आहे. ताटात साडी ठेवून ते म्हणतात, "ताई, तुझ्या येसराचा माल शहरात, सावेडीच्या दुकानांत न्यायचाय. तुझं नाव कंपनीकडनं नोंदवून घेतो, म्हंजे कुनी नक्कल करायचं न्हाई. सही तेवढी दे." मी स्वयंपाकघरातून ओरडते, "आई, आधी वाचून घे." तू वळून माझ्याकडे अशी बघतेस, जशी मी भरल्या ताटात माती कालवली. "भाऊ पाटावर बसलाय आन् मी न्हाई म्हनू व्हय? नाव काय कुनी उचलून नेतंय?" ताट खाली ठेवून तू सही करतेस.

नेलं, आई. उचलूनच नेलं. भाऊबीजेला भाऊ देतो म्हणतात, तुझा घेऊन गेला. तुझ्या मागोमाग मामाही गेले आणि मुलानं कारखाना वाढवला. येसरात मैदा घालतो मेला, आणि वर तुझं नाव. तुझ्या भोळेपणाचं लोक अजून कौतुक करतात, मला ते ऐकवत नाही. तुझ्या हातची आमटी जेवलेली माणसं दुकानात येऊन विचारतील, आईचं नाव का काढलंस? काय सांगू त्यांना?

आज दिवसभर उरलेल्या पाकिटांवर कोऱ्या चिठ्ठ्या चिकटवत बसले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. संध्याकाळी वाण्याकडून त्यांचं एक पाकीट विकत आणलं. फडताळात ठेवलंय, नाव दिसेल असं. फोडणार नाही.