जमायची जागा

३ जानेवारी

आलो एकदाच्या मायलेकी एका छपराखाली! जालन्याहून राजूर रोडला लागलं, मोसंबीच्या बागा मागे पडल्या की विद्यापीठाची कमान दिसते. कमानीवर झेंडूचा ताजा हार होता. तो आमच्यासाठी नव्हता, पण मी आमच्यासाठीच आहे असं समजून घेतलं. क्वार्टर दोन खोल्यांचं, भिंतींना नवा रंग, मागे धुणं वाळत घालायला अंगण आणि नळाला पाणी. या जिल्ह्यात नळाला पाणी म्हणजे चैनच.

इतकी वर्षं संभाजीनगरच्या एका औषध कारखान्यात काढली, आता इथे सुरक्षा अधिकारी. प्रयोगशाळेतली रसायनं सांडली, पेटली किंवा गळली तर कुणी काय करायचं, याचा आराखडा बनवायचा. फेब्रुवारीत बाहेरची तपासणी समिती येईल, तिच्यापुढे मॉक ड्रिल करून दाखवायचं. तृप्ती जुलैपासून इथेच बी.एस्सी.ला आहे. हॉस्टेलवर राहून पार वाळलीय पोरगी, आता आईच्या हातचं जेवेल. तिचे पप्पा घनसावंगीला, उसाच्या मागे. रविवारी सवड मिळाली तर येतील म्हणे.

६ जानेवारी

माझं नाक हा घरात चेष्टेचा विषय आहे. शेजारच्या घरातलं दूध उतू गेलं तरी मला आधी कळतं. आज याच नाकाने माझी वाट लावली.

विज्ञान इमारतीच्या मागे गेले आणि पोटातलं सगळं वर आलं. कुजलेली मोसंबी, जळके केस आणि मेलेल्या उंदराचा वास एकत्र करून कुणी तोंडात कोंबावा, तसं. इथे शेती होती तेव्हाची एक मोठी, आटलेली विहीर आहे तिथे. प्रयोगशाळेत जे नको ते तिच्यात ओततात, ही इथली पद्धत! आणि विहिरीपासून हाकेच्या अंतरावर कँटीन. सोनूबाई मजेत पोहे परतत होत्या, पोरं मिटक्या मारत खात होती. मी पदराने नाक दाबलं तर सोनूबाईंनी विचारलं, सर्दी झाली का, मंग आल्याचा चहा टाकू का. त्या कढईकडे बघून मला शिसारी आली.

लालमियाँ हे प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने परिचर. वासाचं विचारलं तर हसले. म्हणाले, "मॅडम, मला तं काईच वास येऊन न्हाई राह्यला. सालोंसाल झाले." घरी बायको, कमरबी, त्यांचं ताट दाराबाहेर वाढते, हेही त्यांनी हसतच सांगितलं. म्हणे, बायकांचे नखरे.

११ जानेवारी

आज मन घट्ट करून विहिरीत डोकावले. पाणी नाहीच. वर जाड, सुरकुतलेली, पिवळट साय धरलीय. तिच्यावर प्राणिशास्त्राच्या जुन्या बरण्यांतले बेडूक, पोट चिरलेले, पांढरेफटक. लालमियाँनी माझ्यासमोरच मुदत संपलेली एक बाटली खाली सोडली. आवाज झाला नाही. साय खाली दबली, बाटली आत घेतली आणि पुन्हा मिटली. छिद्रसुद्धा राहिलं नाही. मी तिथेच कठड्याला धरून ओकले.

कुलसचिव राधेश्याम सरांकडे गेले. स्वच्छ पांढरा सफारी, टेबलावर अत्तराची कुपी. सांगितलं की आधी ही घाण उपसून नेणारी गाडी बोलवा, आराखडा मागाहून करते. त्यांचं म्हणणं, बिलकुल चिंता करू नका, समिती यायच्या आत सगळं बराबर करून घेऊ. चहा आला. कपाला त्याच विहिरीचा वास येत होता. तसाच ठेवून उठले.

१८ जानेवारी

काल संकष्टी. अर्धा कॅम्पस राजूरला गणपतीला गेला होता, आम्हीही गेलो. परत येईपर्यंत सकाळचं दूध नासलं होतं, पार दह्याच्या गाठी आणि आंबूस दर्प. मी पातेलं मोरीत ओतायला उचललं तर तृप्तीने हातातून घेतलं आणि उपास आहे, भूक लागलीय म्हणत साखर घालून पिऊन टाकलं. गाठींसकट! ओठांना लागलेलं चाटलंसुद्धा.

मी किंचाळलेच. तिने शांतपणे विचारलं, काय झालं, चांगलं तर होतं. लहानपणी हीच पोरगी सायीचा तुकडा दिसला तरी कप ढकलायची. मी तिच्या नाकाखाली कापूर धरला, हिंग धरला, शेवटी रॉकेलचा बोळा धरला. तिला काही कळलं नाही. हॉस्टेलमधल्या सगळ्याच पोरींचं असंच आहे, मम्मी, म्हणाली. त्यात घाबरण्यासारखं तिला काही वाटत नाही. मला रात्रभर झोप लागली नाही.

२७ जानेवारी

सव्वीस जानेवारीला जोडून रजा काढून घनसावंगीला गेले होते. तृप्ती परेडसाठी इथेच राहिली. आज परत येऊन बघते तर प्रयोगशाळांची कपाटं लख्ख, एकही जुनी बाटली नाही. समितीला नको दिसायला म्हणून सगळ्या विभागांनी वर्षानुवर्षांचा माल एकाच दिवशी विहिरीत रिकामा केला! आम्लं, फॉर्मालिन, काय वाटेल ते. वर लोखंडी गर्डर टाकले, त्यावर शहाबादी फरशी, कडेने रेलिंग, कोपऱ्यांत तुळशीच्या कुंड्या. विहीर नव्हतीच जणू. छान ऐसपैस चौथरा झालाय.

मी राधेश्याम सरांवर तोंड सोडलं. लोखंड आम्लाने खाल्लं जाईल, फरशी आत जाईल, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की, मॅडम, आता वास येतो का?

खरं सांगायचं तर नाही येत. बाहेर येऊन छातीभर श्वास घेतला. हवा स्वच्छ, कोरी. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

३१ जानेवारी

ड्रिलच्या स्वयंसेवकांना शिकवलं. तृप्ती त्यांची प्रमुख, इतर पोरं तिचं ऐकतात. पहिला भोंगा झाला की सगळ्यांनी जमायच्या जागी जायचं. जागा म्हणजे पश्चिमेचं मैदान, वारा तिकडूनच येतो, म्हणून धूर-वाफ तिथे पोचत नाही. कारखान्यात माणसं मध्येच पांगायची, म्हणून इथे नियम कडक केलाय: दुसरा भोंगा होईपर्यंत जागा सोडायची नाही. मुद्दाम गोंधळ घालणारी माणसं नेमलीत. कुणी रडेल, कुणी हात ओढेल, कुणी चिठ्ठी दाखवेल. कुणाचंही ऐकायचं नाही. पोरांनी दोनदा सराव केला. एकही हलला नाही. मला कौतुक वाटलं.

४ फेब्रुवारी

तृप्तीचे पप्पा आले. उसाचा रस, हुरडा, सगळं घेऊन हसत दारात आले आणि उंबऱ्यातच थांबले. पिशवी टाकून बाहेर पळाले आणि भडाभडा ओकले. मी पाठ चोळायला गेले तर त्यांनी मला हाताने लांब ढकललं. इतक्या वर्षांत कधी ढकललं नव्हतं.

नाकाला रुमाल लावून सांगितलं, तुमच्या दोघींच्या अंगाला मढ्याचा वास येतोय. कपड्यांना, पाण्याला, घराला. सव्वीसला आलीस तेव्हा एवढा नव्हता. मी हिंगाची डबी उघडली. काही नाही. रॉकेलचा बोळा. काही नाही.

वास गेलेला नाही. माझं नाक गेलंय.

ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता चला दोघी. तृप्ती तयार होईना. ड्रिलचे गुण आहेत, प्रमुख आहे, पोरांना तोंड काय दाखवू. ते तिच्यापुढे हात जोडून उभे होते, रुमालाआड रडत होते. शेवटी मी शब्द दिला की ड्रिल झालं की दुसऱ्या दिवशी दोघी येतो. ते बाहेरच्या ओट्यावर बसले आणि पाण्याचा घोटही न घेता गेले.

१० फेब्रुवारी

मैदानावर समितीसाठी मांडव पडलाय. राधेश्याम सरांनी मला न विचारता जमायची जागा बदलली. आता सगळी पोरं चौथऱ्यावर जमणार. रेलिंग आहे, फरशी आहे, मांडवातून समोर दिसतं, फोटो झकास येईल. हिरवी पाटीसुद्धा लागली.

धावत चौथऱ्यावर गेले. फरशीच्या सांध्यांतून पिवळं, चिकट काही पाझरतंय. चप्पल उचलली तर तार आली. बोट लावलं. किळस यायला हवी होती. आली नाही, आणि त्याचीच मला किळस आली. संध्याकाळी त्या बोटाचं कातडं मोज्यासारखं निघून आलं. लाल मांस दिसतंय. दुखत नाही.

सही न करता आराखडा परत पाठवला. सरांचा निरोप: ड्रिल बावीसला आहे, तोवर मैदान मोकळं करून देऊ.

१४ फेब्रुवारी

घसा बसलाय. मीठ-हळदीच्या गुळण्या केल्या. उपयोग नाही. डॉक्टर म्हणतात हवा बदला.

थंडी आहे, पण चौथरा गरम लागतो. मधली फरशी बशीसारखी खोलगट झालीय. कान लावला. खालून कुणी चहा भुरकावा तसा आवाज येतो. थांबतो. मग पुन्हा.

लालमियाँना कान लावायला सांगितलं. त्यांनी लावला. उठले तेव्हा हसत नव्हते. म्हणाले, "मॅडम, लेकरू घेऊन जल्दी निघा." स्वतः मात्र प्रयोगशाळेत परत गेले. कुठे जाऊ म्हणाले, घरात कोण घेतंय.

१८ फेब्रुवारी

आवाज पूर्ण गेला. ओठ हलतात, बस.

दुपारी चौथऱ्याच्या सांध्यातून काहीतरी वर येत होतं. आधी पाय. पांढरे. मग ते पोट — उभं चिरलेलं, आत काहीच नाही, टाचणी अजून टोचलेली — तो बेडूक अर्धा बाहेर आला आणि पाय झाडत राहिला. सोनूबाईंनी झाडूने ढकलला. पुन्हा आत गेला. त्यांनी तोच झाडू कँटीनमध्ये नेला.

उद्या शिवजयंतीची सुट्टी, तृप्ती मिरवणुकीत. परवा तृप्तीला उचलून नेते. ड्रिल गेलं खड्ड्यात —

२० फेब्रुवारी

ती येत नाही. दार लावून बसलीय. चिठ्ठ्या सरकवल्या दाराखालून. तिने उत्तर लिहिलं, मम्मी फक्त परवापर्यंत.

पप्पांना मेसेज केला. उद्या सकाळी निघतात. उद्या. बावीसच्या आत —

२१ फेब्रुवारी

भोंगा. आज. समिती एक दिवस आधी आली.

पोरं रांगेने चौथऱ्यावर चढतायत. अख्खं विज्ञान, मग कला शाखा. तृप्ती पाटी धरून मधोमध.

मी पानं फाडतेय, लिहितेय. राधेश्याम सरांना दिलं: फरशी खचतेय, दुसरा भोंगा वाजवा. त्यांनी समितीला मोठ्याने वाचून दाखवलं. बघा, मॅडम किती बारकाईने करून राह्यल्या. टाळ्या. भोंग्याचं बटण त्यांच्या केबिनमध्ये, केबिनला कुलूप. फोटो झाल्यावर उघडू म्हणाले.

पुढच्या रांगेतल्या पोरीचा हात ओढला. तिने दोन्ही हातांनी रेलिंग धरलं. शिकवलं तसं. सगळी माझ्याकडे बघून हसतायत. कुणी हलत नाही.

फरशी हलतेय. पिवळं वर येतंय, चपलांवर. कुणाला वास नाही. कुणी खाली बघत नाही —

तृप्तीला पान दाखवलं. तिने मान डोलावली. शाबासकीसारखी.

मोठ्या अक्षरात लिहिते.

तृप्ती, हे ड्रिल नाही. मी खोटं शिकवलं. नियम मोड. पप्पांची शपथ, मधली फरशी सोड, रेलिंगकडे ये, माझा हात धर, पोरी, पायाखाली बघ, पायाखा